सतराव्यांदा बंद पडलेला राउटर

"बाबा, गेला! परत गेला!"

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आतल्या खोलीतून सुनेची, क्षमाची हाक आली आणि अच्युतराव चहा तसाच टाकून उठले. बैठकीत राउटरचे सगळे दिवे विझले होते. मग एक लागला, दुसरा लागला. दोन मिनिटांत स्वारी काही झालंच नाही अशा थाटात लुकलुकू लागली.

अच्युतरावांनी दात-ओठ खात वही उघडली आणि नोंद केली: सतरावी वेळ. पहिली नोंद दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं माल तपासला होता. केसाएवढा फरक दिसला तरी नग परत. आता मुलाच्या, अनुपमच्या क्वार्टरमध्ये राहत होते, पण सवय सुटली नव्हती. घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंवर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती.

क्षमा फोन हातात घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा पडला होता. लग्न करून जबलपूरला आली तेव्हा तिची शाळेतली नोकरी सुटली होती. तीन वर्षांनी नागपूरच्या एका शिकवणी वर्गानं तिला ऑनलाइन गणित शिकवायला घेतलं होतं, तेही अजून कच्चंच.

"मैत्रेयी मॅडम होत्या. आज चार वाजता शेवटची संधी. मधेच तुटलं तर उद्यापासून येऊ नका म्हणे."

"तू एका वेळी इतकं उघडून काहून ठेवतेस? व्हिडिओ काय, फळा काय!"

"मग काय डोळे मिटून शिकवू, बाबा?"

अच्युतरावांच्या मनातला संशय काही गेला नाही.

एक वाजता इंटरनेटवाला बंटी आला. चाळिशीचा गडी, शर्टाच्या खिशात टेस्टर. अच्युतरावांनी त्याला खुर्चीत बसवून सरळ उलटतपासणी सुरू केली.

"लाइन मे खराबी है?"

"नहीं अंकल जी, लाइन एकदम क्लियर है."

"फिर डब्बा खराब होगा."

"डब्बा तो पिछले हफ्ते नया लगाया ना! पुराना भी यही करता था, नया भी यही कर रहा है."

"पूरा नया लगाया था?"

"खाली डब्बा बदला. अडॅप्टर आपका अच्छा था, उस पर तो नाम भी लिखा है."

बंटी हात झटकून निघून गेला. अच्युतरावांना तो मनापासून नालायक वाटला.

पुढची पाळी बायकोची, वसुधाबाईंची. त्या गाणं शिकवत. त्यांच्या रियाजाला तानपुऱ्याचं छोटं यंत्र होतं, तेही विजेवर चालणारं.

"राउटर बंद पडतो तेव्हा तू काय करत असतेस?"

"तुमच्या असल्या प्रश्नांची उत्तरं देत असते."

"तुझ्या त्या यंत्रामुळे तर नसेल?"

"माझा रियाज सकाळी सहाला. सहाला एकदा तरी बंद पडला का? बघा तुमच्याच वहीत. आणि माझं यंत्र अगदी झकास चालून राहिलं, त्याला हात लावू नका."

त्यांनी वही पाहिली. खरंच, सतराच्या सतरा नोंदी क्षमाच्या वर्गाच्या वेळेच्या होत्या. एरवी दिवसभर राउटर गरीब गाईसारखा चालत होता.

झालं! अच्युतरावांचा निकाल तयार झाला.

"क्षमा, नोंदी खोटं बोलत नाहीत. तुझ्या वर्गाचाच ताण आहे. हे काम या घरात जमायचं नाही. मॅडमना तसं कळवून टाक."

क्षमा तडक वळली. आत गेली आणि दार लावून घेतलं. वसुधाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांना बसल्या जागी घाम फुटला.

तीन वाजले. आपण बोललो ते जरा जास्तच झालं, हे अच्युतरावांना आतून टोचत होतं. निदान तपासणी तरी पूर्ण करावी म्हणून ते राउटरपुढे मांडी घालून बसले. डबा नवा, कोरा. अडॅप्टर मात्र तव्यासारखा तापला होता. त्यावर चिठ्ठी होती 'राउटर'. ती पांढरीशुभ्र होती. घरातल्या बाकीच्या चिठ्ठ्या केव्हाच पिवळ्या पडल्या होत्या.

त्यांनी चष्मा पुसला. अडॅप्टरच्या फटीत काहीतरी लाल होतं. नखानं खरवडलं तर कुंकू.

अच्युतराव उठले आणि वसुधाबाईंच्या तानपुऱ्याकडे गेले. त्याच्या अडॅप्टरवरची चिठ्ठीही पांढरीशुभ्र. फटीत कुंकू. भिंग लावून त्यांनी आधी तिथले बारीक आकडे वाचले, मग राउटरपाशी येऊन इथले. मग दोन्ही पुन्हा वाचले.

घरात कोणाचं लक्ष नव्हतं. गुपचूप अदलाबदल केली असती, तर काम झालं असतं. बंटीच्या नावानं खडे फोडले असते, तर कोणी शंकाही घेतली नसती. अच्युतराव दोन्ही अडॅप्टर हातात धरून मिनिटभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी क्षमाचं दार वाजवलं.

"बाहेर ये. गुन्हेगार सापडला. वसुधा, तूही ये."

दोघी आल्या. क्षमाचे डोळे सुजले होते.

"दसऱ्याला आपण यंत्रपूजा केली," अच्युतराव म्हणाले. "राउटर, तानपुरा, सगळं चौरंगावर मांडलं. त्याआधी एकानं सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. दोन अडॅप्टरांच्या चिठ्ठ्या भिजून निघाल्या. त्यानं आकडे न वाचता, नुसत्या आठवणीवर नव्या लिहिल्या. दोन्ही बारा व्होल्टचे, दोन्हींची पिन सारखी, त्यामुळे बसले नीट. पण राउटरला दीड अँपिअर लागतो आणि तानपुऱ्याचा हा अर्धा अँपिअरच देतो. नुसतं चालू ठेवायला तेवढा पुरत होता. तुझा वर्ग सुरू झाला, काम वाढलं, की वीज कमी पडायची आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. तानपुऱ्याला मोठा अडॅप्टर मिळाला, त्याला काय होणार? त्याची चैनच. बंटीनं डबा बदलला, पण अडॅप्टर तोच ठेवला, कारण त्यावर माझं अक्षर होतं."

"म्हणजे?" वसुधाबाई म्हणाल्या.

"म्हणजे मीच. चोर मी आणि फाशी हिला देत होतो."

क्षमानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "सतरा वेळा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकून राहिलं. आणि तुम्ही म्हणालात, काम सोड."

 अच्युतरावांनी खाली बसून ज्याचा अडॅप्टर त्याला लावला.

चारला पडद्यावर मैत्रेयी मॅडम आल्या. "काय प्रॉब्लेम होता, क्षमा?"

"अडॅप्टर खराब होता, मॅडम," क्षमा सांभाळून घेत म्हणाली.

अच्युतराव दारात होते. ते पुढे येऊन वाकले. "खराब नव्हता, बाई. मी चुकीचा लावला होता. मी हिचा सासरा. हिचा काडीचाही दोष नाही. हवं तर लिहून देतो, सहीनिशी."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं. मुलं थांबलीत, सुरू करा."

एक तासाचा वर्ग. अच्युतराव सारा वेळ राउटरसमोर उभे होते. दिवे एकदाही विझले नाहीत.

पाच वाजता क्षमा बाहेर आली.

"नोकरी पक्की झाली, बाबा. सोमवारपासून."

अच्युतरावांनी तासभर माफीची चांगली चार वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं एवढंच, "चुकलो ग, पोरी."

"हो, चुकलातच," क्षमा म्हणाली. "आता सरका बाजूला. सकाळपासून पोटात काही नाही, मला जेवायचंय."