हलेल तो पुसला जाईल

फोटोचं सामान आणायला इंदापूरहून बारामतीला जायचं म्हणजे रविंद्रचा अख्खा शनिवार एस्टीतच जायचा, पण त्याची कधी कुरकुर नसायची. भिगवण रस्त्याला आप्पासाहेबांचं दुकान होतं. डेव्हलपरची पावडर, फोटो पक्का करणारा हायपो, ब्लॅक अँड व्हाइटचा कागद, सगळं तिथं मिळायचं. शहाण्णवच्या एप्रिलात तो वर्षभरानं त्या दुकानाची पायरी चढला, तर आप्पासाहेबांनी चष्म्यावरून बघत पहिलाच प्रश्न टाकला.

“आज एकटेच? आमचे मास्तर कुठायत? त्यांच्यासाठी जाड कागद बाजूला काढून ठेवलाय कधीचा.”

मास्तर म्हणजे बुद्धघोष, शाळेत विज्ञान शिकवायचा. गेल्या मे महिन्यात पळसदेवला होडी उलटून तो गेला. हे त्या भल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. रविंद्रनं सांगितलं, आणि आप्पासाहेबांनी तो कागदाचा पुडा त्याच्या पिशवीत घातला.

आता हे तिघं मित्र म्हणजे कुणी मोठे कलावंत होते असं समजू नका. रविंद्र पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, बिरदेवचं इंदापुरात वेल्डिंगचं दुकान आणि तिसरा हा मास्तर. तिघांत मिळून एक जुना रशियन कॅमेरा. त्याचा तीन पायांचा स्टँड बिरदेवनं पाइप जोडून घरीच केलेला, उचलताना कंबर धरायची. बिरदेवच्या दुकानामागची खोली हीच त्यांची डार्करूम. रविवार आला की खिडकीला काळं कापड ठोकायचं, लाल बल्ब लावायचा आणि फोटो धूत बसायचं. एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवण्यात त्यांचा निम्मा दिवस जायचा. “बिऱ्या, ही म्हैस हाय का ढग हाय रं?” असं बुद्धघोष म्हणाला की बिरदेव हातातला चिमटा त्याच्यावर उगारायचा.

बुद्धघोषला शेवटी एकाच प्रयोगाचं वेड लागलं होतं. बिरदेवच्या मुखवट्यातली वेल्डिंगची काळी काच त्यानं भिंगापुढं बसवली. तिच्यातून उजेड इतका कमी येतो की भर उन्हात कॅमेऱ्याची झडप दोन मिनिटं उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात जो कुणी हलतो, चालतो, त्याचा ठसाच फिल्मवर उमटत नाही. “हलेल तो पुसला जाईल,” मास्तर फळ्यावर शिकवावं तसा सांगायचा, “आन जो थांबंल, तोच उरंल.” गजबजलेली जागा माणसांवाचून दाखवायची, असे तीन फोटो त्याला काढायचे होते. निमगाव केतकीचा बाजार, इंदापूरचं एस्टी स्टँड आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणातून वर येणारं पळसदेवचं देऊळ. देवळापासून त्यानं सुरुवात केली, आणि तिथंच संपलं सगळं. त्याला पोहता येत नव्हतं, पण होडी कलंडली तेव्हा कॅमेरा त्यानं हात वर करून होडीवाल्या गेणबाच्या हातात दिला. कॅमेरा कोरडा राहिला.

मे महिन्यात वर्ष भरत होतं. बुद्धघोषची आई, भागुबाई, घरी एकटीच. रविंद्र रोज सकाळी तिच्याकडं चहाला डोकवायचा. एकदा तिनं कप पुढं करता करता विचारलं, “रविंदर, पुण्यानुमोदनाला भंतेजी येणार. टेबलावर पांढरं कापड घालायचं, म्येणबत्ती लावायची. पर फोटू कंचा ठिवायचा रं?”

घरात बुद्धघोषचा एकही फोटो नव्हता. ओळखपत्रावरचा होता, तो खिशात होता आणि पाण्यानं पार धुऊन निघाला. शाळेतले सगळे फोटो त्यानंच काढलेले, मग तो त्यात येणार कुठून? आणि कुणी त्याच्याकडं कॅमेरा वळवलाच, तर हसत हसत मान अशी जोरजोरात हलवायचा, नको, नको, की काढणाऱ्यानंच कंटाळून कॅमेरा खाली ठेवावा.

“समद्या गावाच्या घरात माज्या ल्येकानं काढल्याले फोटू हायती,” भागुबाई म्हणाली. “माज्या घरात माजा ल्योकच न्हाय. आता त्येचं त्वांडसुदिक नीट आठवंना मला. डोळे मिटले की पानीच दिसतं.”

“आणतो मावशी,” रविंद्रच्या तोंडून निघून गेलं. “फोटो आणतो मी.”

कुठून आणणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. जुन्या निगेटिव्ह त्यानं आणि बिरदेवनं उन्हाला धरून धरून डोळे दुखेस्तोवर तपासल्या. कुठं त्याची सावली, कुठं भिंगावर आलेलं बोट. शेवटी बिरदेव म्हणाला, “फोटू न्हाय तर न्हाय. त्येचा प्रयोग तरी पुरा करू. त्ये तीन फोटू मांडू त्या दिवशी.” त्यासाठीच रविंद्र बारामतीला गेला होता.

बाजाराच्या दिवशी दोघं निमगाव केतकीला गेले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर स्टँड मांडला, भरगर्दीवर काच रोखून दोन मिनिटं झडप उघडी ठेवली आणि सामान आवरून परत आले. रविवारी डार्करूममध्ये कागद डेव्हलपरमध्ये सोडला. बाहेर टळटळीत दुपार, आत लाल अंधार आणि हायपोचा आंबूस वास. हळूहळू बाजार उमटायला लागला. पालं उमटली, तराजू उमटले, मेथीचे ढीग उमटले. शेळ्या बांधलेले दोर होते, शेळ्या नव्हत्या. माणूस औषधाला नव्हता.

“जमलं की रं!” बिरदेवनं रविंद्रच्या पाठीत थाप मारली. आणि मग त्याचा हात तिथंच राहिला.

पालांच्या मधल्या वाटेवर एक जण उभा होता. पाठमोरा. अगदी ठाशीव.

“कोन तरी थांबला आसंल,” बिरदेव म्हणाला.

“दोन मिनिटं? पापणी न हलवता? बाजारात?”

त्याच्या खांद्याला पिशवी होती. दोघांनीही पाहिली, पण त्या दिवशी कुणी नाव घेतलं नाही. चार दिवसांनी त्यांनी इंदापूरच्या स्टँडवर कॅमेरा लावला. त्या फोटोत फलाटाला एक रिकामी एस्टी उभी होती, बाकडी रिकामी होती, आणि पाण्याच्या टाकीजवळ तोच माणूस होता. आता त्याची बाजू दिसत होती. एक बाही दुसरीपेक्षा वर दुमडलेली. खांद्याला भागुबाईनं जुन्या गोधडीतून शिवलेली पिशवी.

बिरदेवनं त्या पिशवीवर बोट ठेवलं. “बुद्धू हाय रं त्यो...” त्याचे डोळे भरून आले. “आपला बुद्धू.”

रविंद्रला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत उसळलं. बाजारात पाठ, स्टँडवर बाजू. म्हणजे आता तोंड दिसणार. मावशीला फोटो मिळणार!

“पळसदेवला जाऊ,” तो म्हणाला.

“न्हाय,” बिरदेवनं त्याचा हात धरला. “आरं, त्यो आपल्याकडं वळतोय... तुला कळतंय का? मी न्हाय येत. तू बी जाऊ नगंस.”

पण रविंद्रनं शब्द दिला होता. सकाळी भागुबाईकडं चहा घेऊन, ती जात्यापाशी काहीतरी निवडत बसलेली पाहून तो पळसदेवच्या गाडीत बसला.

त्या साली पाणी फार खाली गेलं होतं. देवळापर्यंत चालत जाता येत होतं. गेणबानं काठावरून हात करून वाट दाखवली, पण स्वतः पुढं आला नाही. भेगाळलेला गाळ, त्यात रुतलेले शिंपले, वाळलेल्या माशांचा वास. वर्षभर पाण्याखाली राहिलेलं देऊळ अंगावर गाळाचे पट्टे घेऊन उभं होतं. समोर चिटपाखरू नव्हतं. रविंद्रनं काच बसवली, झडपेची तार दाबली आणि घड्याळावर नजर ठेवली.

वारा पडला. लांब कुठं तरी वाजणारं पाण्याचं इंजिन बंद झालं. मग अगदी समोरून, हातभर अंतरावरून यावा तसा, पिशवीचा बंद खांद्यावर सारखा करण्याचा आवाज आला. रविंद्रनं मान वर केली नाही. ‘हलू नको,’ तो मनात म्हणत होता, ‘बुद्धू, एवढी दोन मिनिटं हलू नको रे, आईसाठी...’ झडप बंद केल्यावर त्यानं पाहिलं. समोर नुसता गाळ होता.

डार्करूममध्ये बिरदेव आला, नाही म्हणता म्हणता आलाच. कागदावर आधी देऊळ उमटलं, मग सदरा, त्याची गुंडीन्‌गुंडी, पिशवीचे टाके. मानेच्या वर मात्र सगळं फिसकटलेलं. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं चेहरा पुसला गेला होता.

“मान हलवली त्यानं,” रविंद्र म्हणाला. “दोन मिनिटं नुसती मान हलवत होता... नको, नको म्हणत.”

“रव्या,” बिरदेव कुजबुजला. “त्येच्या मागं बघ.”

मागं एक म्हातारी उभी होती. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, एक हात त्याच्या पिशवीकडं लांबवलेला. भागुबाई. तोंडावरची सुरकुती नि सुरकुती दिसत होती. आणि बुद्धघोषचं अंग किंचित तिच्याकडं वळलेलं होतं.

“मावशी तर घरी होती रे. मी तिच्या हातचा चहा पिऊन निघालो.”

त्या रात्री रविंद्रचा डोळा लागला नाही. सकाळी त्यानं कागदाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्यानं झाकून दुसरी प्रत काढली. फक्त बुद्धघोषची. तीच घेऊन तो भागुबाईकडं गेला. चेहरा नसलेला फोटो आईच्या हातात द्यायचा, लाजेनं त्याची मान खाली गेली होती.

भागुबाईनं फोटो उजेडाला नेला. खूप वेळ पाहिला. आणि तिच्या तोंडावर वर्षात पहिल्यांदा हसू आलं.

“ह्योच. अस्साच करायचा मुडदा! न्हाय न्हाय न्हाय... धा मानसांत वळखीन मी.” तिनं त्या पुसट चेहऱ्यावरून बोट फिरवलं, ते कितीतरी वेळ फिरवत राहिली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “आन मी कुठाय ह्यात?”

रविंद्रनं चमकून वर पाहिलं. “तुम्ही...?”

“तू गेलास त्या दुपारी माजा डोळा लागला हुता. सपनात मी त्येच्या मागंच हुते की. पिशवी वडत हुते त्येची, घरला चल म्हनून.”

मग काय लपवणार? तो उठला, बिरदेवच्या दुकानात गेला आणि पूर्ण फोटो आणून तिच्यापुढं ठेवला. भागुबाईचं हसू हळूहळू विरलं.

“मला म्हनतोय,” ती म्हणाली. “येऊ नगंस म्हनतोय मला.” जरा थांबून तिनं विचारलं, “पळसदेवला यष्टी किती वाजता असती रं?”

“बंद झाली ती गाडी, मावशी,” रविंद्र चटकन खोटं बोलला.

पुण्यानुमोदनाला तोच पूर्ण फोटो चौकटीत घालून ठेवला. भंतेजींनी त्रिशरण दिलं, बायका रडल्या. त्यानंतर रविंद्र आणि बिरदेव पाळीनं भागुबाईवर लक्ष ठेवून राहिले. शेजारच्या कौसल्येलाही सांगून ठेवलं होतं. धरणात पाणी चढलं, देऊळ बुडालं, तेव्हा कुठं दोघांच्या जिवात जीव आला.

श्रावणात भागुबाई घरच्या घरीच गेली. झोपेत. कौसल्या सांगत होती, सकाळी बघते तर तिनं भिंतीवरून फोटो उतरवून छातीशी धरला होता, आणि तोंडावर असं समाधान की हाक मारून उठवावं वाटेना.

रविंद्रनं फोटो हातात घेतला. बुद्धघोषची मान थांबली होती. चेहरा स्वच्छ दिसत होता. तेच थोडे पुढं आलेले दात, तीच हनुवटीवरची खूण, रडून सुजलेले डोळे. भागुबाईचा हात पिशवीवर पोचला होता.

तिचाही दुसरा फोटो कुणाकडं नव्हता. तोच ठेवला. आलेली माणसं म्हणाली, मायलेकांचा काय सुंदर फोटो आहे, कुणी काढला? रविंद्र उठून बाहेर गेला.

सगळे गेल्यावर बिरदेवला राहवेना. त्यानं डबीतली निगेटिव्ह काढली आणि दारातल्या उजेडाला धरली.

“मावशी न्हाय ह्यात,” तो म्हणाला. “त्यो येकटाच हाय. मान आजून हलतीय...” त्यानं पट्टी रविंद्रच्या हातात दिली. “आई तर ग्येली त्येची. मग आता कुनाला रं नगं म्हनतोय?”

रविंद्रनं पाहिलं. बुद्धघोष आता आईच्या दिशेला वळलेला नव्हता. तो सरळ कॅमेऱ्याकडं तोंड करून उभा होता, आणि त्या दुपारी कॅमेऱ्यामागं रविंद्र एकटाच होता.