डाव्या वेढ्याची गाठ

क्लोनिस गावाबाहेरच्या त्या घरात डर्व्हला लग्न होऊन आली, तेव्हा तिला साधा क्रोशा येत होता. गाठ येत नव्हती. सुईवर दोऱ्याचे वेढे घ्यायचे आणि एका ओढीत मिटवून मिरीएवढी गाठ बसवायची, हे तिकडच्या बायकांचं कसब. प्रत्येक घराची गाठ वेगळी, परक्याला दाखवायची नाही. सासू ओनोरानं ती सुनेलाही दाखवली नाही. डर्व्हला मनातून खट्टू झाली.

मग एका धुकट दुपारी ती खिडकीशी बाकावर कॉलर विणत असताना मागं कुणीतरी येऊन बसलं. ओल्या लोकरीचा वास आला. दोन गार हात तिच्या हातांवर टेकले आणि बोटांना वळण देऊ लागले. सासूबाईंना पाझर फुटला म्हणायचा, असं वाटून ती गालात हसली. वळून पाहिलं तर म्हातारी अवघडेल, म्हणून वळली नाही. त्यानंतर रोज दुपारी हेच चाललं. संध्याकाळी ओनोरा त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. सुनेला तो तिचा ताठा वाटे.

कॉलर पुरी होत आली तशी ओनोरानं ती उचलून उजेडात धरली.

"माझा खण उघडलास तू?"

डर्व्हला नाही म्हणाली.

"ही डाव्या वेढ्याची गाठ आहे. अशी फक्त माझी एथ्ना घालायची." एथ्ना म्हणजे ओनोराची लेक, डर्व्हलाच्या लग्नाआधीच्या हिवाळ्यात तापानं गेलेली. तिचं विणकाम ओनोरानं त्या खणात जपून ठेवलं होतं.

"तुम्हीच शिकवलीत की, आई. दुपारी, मागं बसून..."

"दुपारी मी गोठ्यात असते."

सासू मुद्दाम छळतेय, असं सुनेला वाटलं. सून चोर आहे, याची सासूला खात्री पटली. दुसऱ्या दिवशी ओनोरानं गाई मुलावर सोपवल्या आणि दारातच उभी राहिली.

डर्व्हला विणू लागली. धुरकट खोलीत ओल्या लोकरीचा वास पसरला. गार हात आले. तिनं मान वर केली, तर ओनोरा समोर दारातच होती.

ओनोराला तिथं दुसरं कुणी दिसत नव्हतं. फक्त सुनेची बोटं कुणी दाबावीत तशी पांढरी पडताना दिसत होती. म्हातारीचे डोळे भरून आले.

"विचार तिला..." ती पुटपुटली. "थंडी वाजते का गं, विचार."

डर्व्हला विचारणार, तोच कळवळली.

"आई... हिच्या बोटात अंगठी आहे. टोचतेय मला."

ओनोराचा चेहरा उतरला.

"एथ्नाचं लग्न नव्हतं झालं," ती म्हणाली. "तिनं कधी अंगठी घातली नाही... आणि ही गाठ तिला मी शिकवली नव्हती."

डर्व्हला हात ओढू लागली, पण ते सुटेनात. ओनोरानं धावत येऊन तिच्या बोटांतली सुई हिसकावली आणि चुलीत भिरकावली. तेव्हा कुठे हात मोकळे झाले. दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाकावर कुणीच नव्हतं.

जमिनीवर पडलेल्या कॉलरवरची अर्धवट गाठ मात्र सावकाश, आपली आपण, आवळत गेली.