चौदाव्या मजल्यापासून गिरणी चौकापर्यंत

गल्लीच्या तोंडाशी तेवीस मजल्यांची इमारत उभी राहिली होती. तिच्यातलं एकही घर ओवीच्या आईबाबांना परवडण्यासारखं नव्हतं, अगदी खालचं, गाड्यांच्या आवाजाचंसुद्धा. आणि तरी मोजूराव शांतपणे म्हणत होता, "या इमारतीमुळे तुम्हाला घर मिळण्याची शक्यता वाढली आहे."

ओवीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी आई बाबांकडे पाहते, ते भाजी विसरून नुसती कोथिंबीर घेऊन आले की.

मोजूराव म्हणजे शहरातली घरं मोजणारा रोबो. तीन चाकं, लांब मान आणि सरकारी कागदासारखी भाषा. खरं नाव आकड्या-अक्षरांचं काहीतरी होतं; मोजूराव हे गल्लीनं ठेवलेलं. २०६१ साली प्रत्येक प्रभागात असा एक फिरायचा, आणि कुठलं घर भरलं, कुठलं रिकामं, याची नोंद ठेवायचा.

ओवीला मात्र एकाच घराची काळजी होती. त्यांचा अकरा महिन्यांचा भाडेकरार या महिनाअखेर संपत होता आणि घरमालक नाना कोठुळे यांनी भाडं दीडपट सांगितलं होतं. "माझ्या दोन खोल्यांसाठी दहा जण थांबलेत," असं ते आईला म्हणाले होते, तेही तिच्याच हातचा चहा पीत. दुसरी जागा मिळाली नाही, तर सत्तर किलोमीटरवर घोडेगावला आत्याकडे जायचं होतं. म्हणजे आईची दवाखान्यातली नोकरी सुटणार आणि ओवीची शाळाही.

"इमारत श्रीमंतांची," ओवी म्हणाली. "बाबांनी तिच्याविरुद्ध हरकतीच्या अर्जावर सहीसुद्धा केली होती. आम्हाला काय तिचा उपयोग?"

"तुझ्या अंगातला स्वेटर कुणाचा?" मोजूरावानं विचारलं.

"शर्वरीताईचा. तिला नवा घेतला, म्हणून हा मला आला. माझा गेला मामेभावाला."

"दुकानातून स्वेटर किती आले?"

"एक."

"आणि ऊब किती जणांना मिळाली?"

ओवीनं बोटं मोजली. "तिघांना."

"घरांचंही तसंच होतं. याला रिक्त घरांची साखळी (एक घर भरलं की मागे एक घर रिकामं होत जाणं) म्हणतात. आता उलट बघ. ताईला नवा स्वेटर घेतलाच नसता, तर ती थंडीत कुडकुडत बसली असती?"

"ती? तिनं माझाच ओढून घेतला असता."

"हेच. नवी घरं बांधली नाहीत, म्हणून पैसेवाले शहर सोडून जात नाहीत. ते जुन्या घरांच्या रांगेत येतात आणि जास्त भाडं देतात. तुमच्या नानांच्या दारातले दहा जण त्या रांगेतलेच."

ओवीनं स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाली, "दाखव मला साखळी."

मोजूरावाच्या छातीवर नकाशा उजळला. इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर मुळगुंद राहायला आल्या. त्यांचं कॉलेज रोडवरचं घर एका मुख्याध्यापकांनी घेतलं. मुख्याध्यापकांच्या तळेगल्लीतल्या जागेत जुळ्या मुलांचं एक कुटुंब गेलं. त्या कुटुंबाची गिरणी चौकातली दीड खोली सुटली. तिचं भाडं ओवीच्या आताच्या घरापेक्षाही कमी होतं.

"मग तिथे कोण गेलं?"

"माहीत नाही. पण नोंद 'भरलेलं' आहे."

"कोण गेलं ते माहीत नाही, तर भरलं हे कसं माहीत?"

"गंधसंवेदक (वास ओळखणारं यंत्र) वापरून. माणसं नव्या घरात गेली की आधी शेगडीवर दूध उतू जाऊ देतात. सामान नंतर लागतं. हे मी चारशे बारा घरांत पाहिलं आहे. गिरणी चौकात मंगळवारी दूध उतू गेलं."

हे सांगताना त्याची मान अभिमानानं थोडी लांब झाली. ओवीनं मात्र चपला घातल्या. "चल, बघून येऊ."

गिरणी चौकातल्या त्या घराच्या खिडकीत पडदा नव्हता. बाहेर दोरीवर एक चिमटासुद्धा नव्हता. शेजारच्या दारातून शेवंतामावशी नावाच्या बाई डोकावल्या.

"मावशी, इथे नवीन कोण आलंय?" ओवीनं विचारलं.

"कोण येतंय बाई. तीन आठवडे झाले, रिकामंच आहे. मालकीणबाई रोज फोन करतात, कुणी आलं का म्हणून. पालिकेच्या रिकाम्या घरांच्या यादीत ते दिसतच नाही म्हणे."

"पण मंगळवारी दूध उतू गेलं," मोजूराव म्हणाला.

"ते माझं रे. बहिणीचा फोन आला की रोजच जातं. आजही गेलंय, ये, शेगडी पुसायला लाग."

मोजूरावाची मान पुन्हा आखूड झाली. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या चारशे बारा घरांची पुन्हा तपासणी करावी लागेल."

"कर ना," ओवी म्हणाली. "पण आधी हे नीट लिही."

त्यानं लिहिलं. संध्याकाळी आईबाबा जागा बघायला आले. आईनं नळ सोडून पाहिला, बाबांनी भिंतीवर टकटक केलं, आणि मालकीणबाईंशी बोलणं पक्कं झालं. परतताना बाबा त्या तेवीस मजल्यांकडे मान वर करून बघत राहिले.

"सही करायला नको होती का मी?" त्यांनी विचारलं.

"इमारत एकटी पुरत नाही," मोजूराव म्हणाला. "कुणी घर विकत घेऊन नुसतं कुलूप लावून ठेवलं, तर साखळी तिथेच तुटते. शेवटच्या कडीपर्यंत पोचायलाही कधी कधी वर्षं लागतात. ज्यांना तेवढं थांबणं झेपत नाही, त्यांच्यासाठी पालिकेनं स्वतः घरं बांधायला हवीत. दोन्ही हवं."

"मग प्रभागाच्या पुढच्या सभेला मी तेच बोलेन," बाबा म्हणाले.

सामान हलवायच्या दिवशी ओवी जुन्या घराच्या रिकाम्या खोलीत मधोमध उभी राहिली. "मोजूराव, आता इथे कोण येणार?"

"अजून ठरलेलं नाही. आज बघायला दोघेच येणार आहेत. त्यातली एक परिचारिका आहे, रोज दोन तास प्रवास करून शहरात येते. नानांनी भाडं पहिल्याइतकंच सांगितलं आहे."

ओवीनं वहीचं पान फाडलं, जमिनीवर बसून त्यावर लिहिलं आणि ते ओट्यावर वाटाण्याच्या डब्याखाली ठेवलं, म्हणजे उडणार नाही. आईनं हाक मारली, "अगं, तो डबा आपला आहे." तिनं डबा काढून घेतला आणि कागदावर खडा ठेवला.

कागदावर होतं: 'स्वयंपाकघराची खिडकी आधी थोडी वर उचलायची, मग ढकलायची. सकाळी सातला पाणी जोरात येतं. इथून शाळा जवळ आहे. तुम्ही जिथून आलात, तिथेही कुणासाठी तरी असं लिहून ठेवलंत का?'