बुडालेल्या बोटीचं पार्सल

हे खरं घडलेलं आहे. खोटं वाटत असेल तर स्क्रीन वर सरकवा आणि पुढची गोष्ट वाचा, माझं काही जात नाही.

मी बोलतोय आणि नातसून टाईप करतेय. मध्येमध्ये तिला मळमळतंय. "आजोबा, एवढं गाळू या का?" असं तिने दोनदा विचारलं. म्हटलं, काही गाळायचं नाही. मी जे केलं ते किळसवाणंच होतं, तर ते तसंच लिहायचं.

भुतं म्हणे रात्री येतात.

माझं भर दुपारी आलं. डबा खायच्या वेळेला.

युद्धाचं दुसरं वर्ष होतं. मी चोवीस वर्षांचा. आरमाराच्या गोदीत पार्सलखोलीत कारकून होतो. लांबलचक खोली, वर पत्रा, समोर जाळीची खिडकी, कोपऱ्यात हात धुवायचा नळ. भिंतीला फळ्या, आणि एकेका फळीवर एकेका बोटीचा नंबर. खलाशांच्या घरून येणारी पार्सलं आम्ही त्या त्या फळीवर ठेवायचो. बोट बंदराला लागली की पार्सलं बोटीवर.

प्रत्येक पार्सलाला सुतळीने एक कार्ड बांधलेलं असायचं. पोचपावती. त्यावर तीन ओळी... तारीख, सही, शेरा. खलाशी सही करायचा, कार्ड संध्याकाळच्या टपालात घरी जायचं. घरच्यांना तेवढाच धीर.

पण बोट बुडाली तर?

युद्धात बोट बुडाल्याची बातमी लगेच फोडत नाहीत. महिना महिना दाबून ठेवतात. आम्हाला मात्र आतून कळायचं. आणि इकडे घरून पार्सलं येतच राहायची... मेलेल्या पोरांच्या नावाने.

फळी भरून जायची. उंदीर लागायचे. वास सुटायचा.

मग आम्ही ती खायचो.

हो, खायचो. साहेबांना माहीत होतं. "नासण्यापेक्षा बरं," म्हणायचे आणि स्वतःचा वाटा कागदात गुंडाळून घरी न्यायचे. सामान खायचं आणि कार्ड जाळायचं, अशी आमची पद्धत. आम्ही त्याला 'बुडीत माल' म्हणायचो. हसायचो वर. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या महिन्याच्या नऊ तारखेला एक छोटी बोट गेली. समुद्रात पेरलेले सुरुंग शोधायचं तिचं काम. तिलाच सुरुंग लागला. त्रेचाळीस माणसं, चार मिनिटांत खलास. बॉयलरखोलीतली पोरं तर वरही येऊ शकली नाहीत.

एकवीस तारखेला, मंगळवारी, सव्वा वाजता आम्ही तिच्या फळीवरचं एक पार्सल फोडलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार. त्याला सगळे ढोल्या म्हणायचे.

आत पत्र्याचा डबा. डब्यात घरी भाजलेली बिस्किटं. प्रत्येक बिस्किटाच्या मधोमध अंगठा दाबलेला... बाईमाणसाचा, छोटा. त्या खड्ड्यात साखर.

तोंडाला पाणी सुटलं.

डब्यात एक चिठ्ठीही होती. मी ती खाता खाता वाचली. "माझ्या राजा, हाताचं भाजलेलं बरं झालं का? गरम पाईपाजवळ जपून. आणि या खेपेला पावतीवर सही नक्की कर. गेल्या खेपेला विसरलास, पंधरा दिवस डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. आई."

माझ्या घशात बिस्किट अडकलं. खोटं कशाला बोलू, अडकलं आणि मग खालीही गेलं.

मला त्या बाईची दया आली. दया! तिच्या पोराचा खाऊ तोंडात घोळवत दया आली. कार्ड जाळायचं सोडून मी पेन उचललं. तारीख टाकली एकवीस. ओळखू येणार नाही अशी सही केली. शेऱ्यात लिहिलं, "पार्सल मिळालं."

ढोल्या म्हणाला, "काय रे, धर्मात्मा झालास?"

मी म्हटलं, "जाऊ दे ना. म्हातारीला चार दिवस झोप लागेल."

कार्ड टपालात गेलं.

जन्मात एवढं शेण कधी खाल्लं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ढोल्याला उलटी झाली. नळाखाली. मी त्याची पाठ चोळत होतो... आणि माझा हात थांबला.

नळाखाली जे पडलं होतं, ते काळं होतं. त्यावर तेलाचा तवंग.

ढोल्या म्हणाला, "मीठ लागतंय रे तोंडाला. खारट. घोटघोट पाणी आलंय." तो दिवसभर पाणीच प्यायला नव्हता. आठवड्याने त्याने बदली मागून घेतली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला काही झालं नाही. तेव्हा वाटलं, आपण सुटलो.

महिन्याभराने त्याच पत्त्यावरून दुसरं पार्सल आलं. तोवर बोटीची बातमी जाहीर झाली होती, घरोघर तारा गेल्या होत्या. मग पार्सल कसलं?

मी चिठ्ठी काढली.

"माझ्या राजा, इकडे एक तार आली. म्हणे तू नऊ तारखेला गेलास. मी पोस्टमनला म्हटलं, काहीतरीच काय! माझ्या पोराची एकवीस तारखेची सही आहे माझ्याकडे. सगळे रडत होते, मी एकटी हसत होते. ताईचं लग्न ठरलंय, पण मी थांबवलंय. तू आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत."

कळलं का मी काय करून ठेवलं होतं?

एका ओळीचं पत्र लिहायचं होतं मला. 'बाई, सही मी केली.' बस्स. पण नोकरी जाईल, कोर्टात उभं करतील. पाचावर धारण बसली माझी. मी चिठ्ठी परत आत घातली, सुतळी आवळली आणि पार्सल त्याच फळीवर ठेवून दिलं. खाणार नव्हतो. शिवणारही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत मी एकटाच. डबा उघडला. पहिला घास घेतला.

आणि आवाज आला...

चपक्... चपक्...

कुणीतरी खात होतं. सावकाश. तोंडात पाणी भरलेलं असताना माणूस खाईल तसं, ओलं ओलं.

मला वाटलं उंदीर. मी घास तसाच धरून बसलो. उंदीर कुरतडतो. हा आवाज चावण्याचा होता. मध्ये थांबत होता... गिळत होता... पुन्हा चावत होता.

मग बंद झाला.

उठून फळीपाशी गेलो. पार्सल जागच्या जागी. सुतळीची गाठ माझीच, जशीच्या तशी. उचललं तर हलकं. आतून पाणी डचमळलं.

फोडलं. डबा रिकामा. तळाला दोन बोटं काळपट पाणी, त्यात भिजून फुगलेला चुरा. वास असा की मी डबा तिथेच टाकला. सडलेल्या मासळीचा आणि इंजिनच्या तेलाचा. तो वास साबणाने गेला नाही. जेवताना हात तोंडाशी आला की तोच वास.

आणि सुतळीला बांधलेलं कार्ड नव्हतं. कुठेच नव्हतं.

तिसऱ्या पार्सलाचंही तेच. भर दुपारी तेच चपक् चपक्, तीच गाठ, तेच पाणी. कार्ड गायब. मी फोडून चिठ्ठी आधीच वाचली होती. त्या सगळ्या चिठ्ठ्यांतून मला त्याचं आयुष्य कळलं. बाप लहानपणी गेलेला. सायकली दुरुस्त करायचा. दहाव्या वर्षी तळ्यात बुडता बुडता वाचला, तेव्हापासून गुडघाभर पाण्यातही उतरायचा नाही. आणि युद्ध लागल्यावर भरतीला गेला तो छाती काढून सांगून आला की पोहायला येतं! आईने त्यावरून त्याला किती चिडवलंय चिठ्ठ्यांत. एकोणीस पूर्ण व्हायला दोन महिने होते. बॉयलरखोलीत कोळसा ओढायचा आणि उकडतं म्हणून रात्री डेकवर झोपायचा. आधी दोन सुरुंग त्यांच्या बोटीने शोधून निकामी केले होते, त्याचं त्याला कोण कौतुक!

हे सगळं मला माहीत होतं. माझा काय संबंध होता?

मग ती स्वतःच आली.

मंगळवारच होता. सुट्टीची वेळ. जाळीपलीकडे एक ठेंगणी बाई, हातात पार्सल, पाय धुळीने माखलेले. एक दिवस एक रात्र प्रवास करून आली होती.

"साहेब, पार्सलं तुम्हीच देता ना बोटीवर?"

"हो, बाई."

"मग जरा हे बघा. पोरगं तक्रार करतंय माझं."

तिने जाळीखालून तीन कार्डं सरकवली.

पहिलं माझं. स्वच्छ, कोरडं.

बाकी दोन फुगलेली. कडा काळ्या. शाई फुटलेली, पण अक्षर वाचता येत होतं. गोल, शाळकरी. दोन्हीवर सही एकच. आणि शेऱ्याच्या ओळीत दोन्हीवर एकच वाक्य...

"पहिलं पार्सल मिळालं नाही."



"या दोन त्याच्या सह्या," ती म्हणाली. "मी डोळे मिटून ओळखेन. पण तो म्हणतो पहिलं मिळालंच नाही. मग ही पहिली सही कुणाची, साहेब?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. 'चौकशी करतो' म्हटलं असतं की ती गेली असती. पुढची कितीतरी वर्षं बिस्किटं भाजत बसली असती, आणि पोरीचं लग्न तसंच लोंबकळत राहिलं असतं.

"माझी," मी म्हटलं. "सही मी केली. बिस्किटं मी खाल्ली. बोट नऊ तारखेलाच गेली होती, बाई."

तिने पहिलं कार्ड उचललं, बघितलं, खाली ठेवलं.

"म्हणजे एकवीसला तो नव्हता."

"नव्हता."

"आणि ह्या दोन?"

"त्या मी नाही केल्या. शप्पथ."

तिने एक कार्ड नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं. मग तिचा चेहरा बदलला. ती रडेल, ओरडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. तिने फक्त विचारलं,

"साखर जास्त झाली होती का?"

"नाही... बरोबर होती."

"त्याला कमी लागायची. त्या दिवशी माझा हात सैल सुटला होता."

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून...

चपक्... चपक्...

फळी रिकामी होती. पार्सल तर तिच्या हातात होतं.

तिनेही ऐकलं. ती दाराने आत आली, तडक फळीपाशी गेली. हळूच म्हणाली, "राजा?"

आवाज थांबला.

एकदम शांत. बाहेर गोदीत हातोडे चालू असतात ना दिवसभर, तेही ऐकू येईनात. आम्ही दोघं उभे. कुणी खाईना.

"तू गेलास हे मला आता कळलं," ती रिकाम्या फळीकडे बघून म्हणाली. "आता ताईचं लग्न करते. तू वाट बघू नकोस."

मग तिने नळावर हात धुतले. चोळून चोळून धुतले. पार्सल परत काखेत मारलं, दोन फुगलेली कार्डं घेतली. पहिलं माझ्यासमोर टाकलं.

मी म्हटलं, "बाई, मी भरून देतो. तुम्ही सांगा कशी करायची, मी..."

तिने माझ्याकडे बघितलं, ताटात मेलेली पाल निघाल्यावर आपण बघतो तसं.

"मी आता काही पाठवणार नाही. ते पहिलं तुमच्याकडे राहिलंय. तुमचं तुम्ही बघा."

गेली. पुढे कळलं, पोरीचं लग्न झालं. ती स्वतः चार वर्षांनी गेली.

मी काय केलं नाही? बिस्किटं केली. नऊ तारखेला, एकवीस तारखेला. साखर कमी घालून, जास्त घालून. कार्ड बांधून फळीवर ठेवली. कधी कुणी शिवलं नाही. मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत. फक्त कार्ड भिजायचं आणि शेऱ्यात यायचं, "हे आईच्या हातचं नाही."

मी निवृत्त झालो, गाव बदललं, घर बदललं. मध्ये पंधरा-वीस वर्षं काहीच नव्हतं. वाटलं, विसरला पोरगा.

गेल्या पावसाळ्यात दुपारी जेवून आडवा झालो होतो. डाव्या कुशीवर.

आवाज आला...

चपक्... चपक्...

उठून स्वयंपाकघरात बघितलं. कोणी नाही. कॉटखाली बघितलं. परत आडवा झालो, तर परत. नातसुनेला हाक मारली. म्हटलं, बघ गं, कुठून येतोय. तिने कान दिला. भिंतीला लावला, उशीला लावला.

मग माझ्या पोटाला लावला... आणि झटकन मागे सरली.

तेव्हापासून रोज. सव्वा वाजता. सावकाश चावतो, थांबतो, गिळतो.

डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी स्वच्छ आहे. वजन मात्र अकरा किलोने उतरलंय, जेवण नीट असून. ते का, हे त्यांना सांगता येत नाही.

नातसून म्हणतेय, शेवट तरी गाळू या.

नको. टाईप कर. आता एक वाजून दहा मिनिटं झालीत.