लाल खुणांचं रान

नगरभवनाच्या नव्या दालनासाठी ताई डोंगरापलीकडच्या रानाचं तैलचित्र करणार होती. सगळं ठरलं आणि मग नगरभवन समितीच्या अध्यक्षांनी हळूच सुचवलं, "झाडं जरा विरळ करा. मधून एक छानसा रस्ता दाखवा."

"पण तिथं रस्ता नाहीच!"

"होईल हो. चित्रात आधी झाला तर बिघडलं कुठं?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिथं जाऊन जे दिसेल तेच रंगवीन!" असं ठणकावून ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मी इस्पितळात परिचारिका, म्हणून औषधांची पेटी माझ्याकडे. ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, मोटार-मेकॅनिक. दोर, तंबू आणि कुरकुर त्यांच्याकडे!

चढ अंगावर येणारा होता. काटेरी जाळीनं बाह्या फाडल्या, घसरड्या कड्यावर भावोजींनी दोर बांधून आम्हाला वर ओढलं. पुढं एक ओढा, आणि त्यावर आडवं पडलेलं एकच शेवाळलेलं खोड. ते ओलांडून आम्ही दरीत उतरलो आणि माना वर करून बघत राहिलो. तिघांच्या कवेत न मावणारे बुंधे, पानांतून गळणारा हिरवट उजेड, खाली ओल्या मातीचा गार वास.

आणि प्रत्येक बुंध्यावर लाल रंगाची फुली!

"अजून रस्ता मंजूरही नाही, आणि झाडं तोडायच्या खुणा?" ताई एका फुलीवर बोट टेकवत म्हणाली.

"अगं, तेवढं लाल गाळून टाक," भावोजी म्हणाले. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना!"

ती रंगवायला बसली ती उठेचना. ओल्या रंगात चिलटं चिकटत होती, ती सुरीच्या टोकानं काढत होती. आभाळ भरून आलं, वीज कडाडली, तरी "थांबा, एवढा बुंधा!" चालूच. शेवटची फुली झाली तेव्हा पावसानं झोडपायला सुरुवात केली होती.

धावत ओढ्याशी आलो. पाणी खोडाला टेकलं होतं! ताई कॅनव्हास डोक्यावर धरून पार झाली. मागोमाग मी. भावोजी मधोमध आले आणि पाय सटकला!

धप्प! ते लोंढ्यात गेले. एका फांदीला लटकले. दोर त्यांच्याच पाठीवर! फांदी करकरली. ताई काठावर पालथी पडली. तिनं कॅनव्हासची चौकट पुढं केली.

"धरा! अहो, धरा!"

त्यांची मूठ कापडातून आरपार गेली. फर्रकन चित्र फाटलं. पण लाकूड हाती लागलं! मी ताईचे पाय धरले, तिनं चौकट ओढली, आणि भावोजी चिखलात येऊन पडले. उरलेलं चित्र पाण्यानं नेलं.

तंबूत मी त्यांच्या मनगटाला पट्टी बांधत होते. ताई हळूच म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही वाचलात. सकाळी घरी जाऊ."

"घरी?" भावोजी ताडकन उठून बसले. "जिवंत झाडांवर फुल्या मारतात, वर तुला खोटं रंगवायला सांगतात, आणि आपण घरी? ती रंगवायची छोटी फळी आणि रंग आहेत ना पिशवीत? मग!"

सकाळी पाणी ओसरलं होतं. आम्ही कमरेला दोर बांधून पुन्हा ओढा ओलांडला. या वेळी भावोजी एका हातानं फळीवर छत्री धरून उभे होते आणि मधूनच ओरडत होते, "ती डावीकडची फुली राहिली!"

चित्र नगरभवनात नेलं तेव्हा उद्घाटनासाठी दालन माणसांनी भरलं होतं. अध्यक्ष जवळ आले, वाकले, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे लाल कशाला? पुसून टाका."

"तुम्ही तिथल्या झाडांवरचं पुसा," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी इथलं पुसते!"

दालनातली माणसं चित्रावरून नजर काढून अध्यक्षांकडे बघायला लागली.