रंगपेटीतला फोटो

दुपारच्या सामसुमीत माठावरचं झाकण खणकन वाजलं.

तृप्ती रामटेके दचकली. घरात ती आणि सहा वर्षांची लेक खुशबू, दोघीच होत्या आणि खुशबू तर समोर पाटीवर मोर काढत बसलेली. नवरा प्रविण नोकरीपायी हैदराबादला. त्याचा आवाज या घरात यायचा तो फक्त रविवारी, फोनमधून.

स्वयंपाकघरात एक म्हातारी ताठ उभी होती. पाणी पिऊन तिनं पेला पालथा घातला.

"दोनदा आवाज दिला. कोणी ओ देईना, अन् तहान तर लागली होती." तोंडात दात नव्हते, पण शब्द घरभर ऐकू जात होते. "चौकशीवाली बाई तूच काय?"

भंडाऱ्यातल्या या दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी होती. येणारे बहुतेक लग्नाआधी पोराची नाहीतर पोरीची माहिती काढायला यायचे. ओसरीवर राखणीला शेजारचे मारोतराव असायचे, निवृत्त हवालदार. आत्ता ते तोंडावर पेपर घेऊन झोपले होते.

"मी सीताबाई. पवनीहून आली. झाडीपट्टीच्या नाटकात चाळीस वर्षं सासू होती."

मारोतराव डोळे चोळत आत आले आणि एकदम उजळले. "अरे बाप! सुनेले चटके देणाऱ्या त्याच तुम्ही! माझी बायको तुमच्या नावानं बोटं मोडे."

"सारेच मोडत. हिरॉईनला मंडईच्या जत्रेत घरोघरी चहा. मले कोणी बस म्हटलं नाही कधी." सीताबाई हसल्या. मग तृप्तीकडे वळल्या. "माझ्या रंगपेटीतून एक फोटो गेला, बाई. मंगळवारी सकाळी होता, बुधवारी नाही. बाजूले चांदीचे तोडे होते. त्यांले हात नाही लावला."

"कसला फोटो?"

"माझा. मांडीवर लेकरू आहे."

"कोणाचं?"

सीताबाई खुशबूच्या पाटीकडे पाहत राहिल्या. "शनिवारी मंडईत माझा सत्कार आहे. तो फोटो हातात धरून मले चार शब्द बोलायचे आहेत. जन्मात एकदाच, माझे स्वतःचे. फोटो नाही तर बोलणं नाही. मले चोर नको. फोटो पाहिजे."

शुक्रवारी सकाळी मारोतरावांची जुनी व्हॅन पवनीला निघाली. खुशबूला कोणापाशी ठेवणार? तीही मागे बसली.

सीताबाईंची खोली एकच. खाट, आरसा, पत्र्याची रंगपेटी. पेटीला कुलूप नव्हतंच. फळीवर पाच डबे ओळीनं मांडलेले. तृप्तीनं एकेक उघडून पाहिला. पाचही पापडांनी गच्च, एक पापड मोडलेला नाही.

"मंगळवारी कोण कोण आलं होतं?"

"कंपनीचा मालक इश्वर आला होता. आमचा प्रॉम्प्टर हिरालाल आला होता. अन् पापडवाली तुळसा, ते दर मंगळवारी येते. एकेकासाठी चहा ठेवायले मी मागं गेली होती."

"शनिवारी काय बोलणार ते कोणाला सांगितलं होतं?"

"तिघांलेही. म्हटलं, फोटो दाखवून साऱ्यांले सांगीन, हे लेकरू कोणतं अन् कोणत्या गावाले गेलं. जास्त नाही सांगितलं."

समोरच्या दारात विमलाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारायची गरजच पडली नाही.

"तो फोटो ना? पाहिला मी. पांढऱ्या केसांच्या बसल्या आहेत, मांडीवर नात. आता हे नात कुठली ते देवाले ठाऊक! कोणी कुत्रं येत नाही त्यांच्याकडे."

"पापडवाली येते ना?"

"तिचं तर नावच नका काढू! चार महिने झाले येऊन राहिली. पण आमच्या दारात एकदा टोपली टेकवंल तर शपथ. सरळ त्यांच्या घरात घुसते अन् सरळ बस स्टँडवर जाते. जवाहरनगरची आहे म्हणे. तिथं काय पापड खात नाहीत लोकं?"

इश्वर मंडईच्या मैदानात मंडप बांधून घेत होता. मागे सीताबाईंचं भलंमोठं बॅनर होतं, काठी उगारलेली सासू.

"फोटो मी चोरू?" तो भडकला. "चाळीस फोटो बाईनं आपल्या हातानं दिले मले. आजी-नातीचा फोटो घेऊन मी काय करू? पब्लिकले ही सासू पाहिजे, ही! गोंदिया जिल्हा वेगळा झाला तरी तिथली मंडळी अजून हिच्या शिव्या ऐकायले येतात."

"हाच आहे," व्हॅनशी परत आल्यावर मारोतराव कुजबुजले. "आवाज चढवते तो चोर."

"मग तुम्ही तर रोजच चोर," तृप्ती म्हणाली.

हिरालाल गल्लीच्या टोकाला भावाच्या ओसरीत बसून होते. दोन्ही डोळे पांढरे पडलेले.

"फोटो? मले तर आता सूर्यही ऐकूच येते, बाई." ते हसले. "आमच्या झाडीपट्टीत पाठांतर नाही. मी खड्ड्यात बसून वाचीन, नट वरतून बोलंल. सीता तेवढी माझ्या आधीच बोले. बावीसची होती, तेव्हापासून म्हातारी. केसांले जस्ताची पूड, गालावर काळ्या रेघा. हिरॉईन म्हणून कोणी उभीच नाही केली. नाक बसकं होतं ना."

"लेकरू होतं त्यांना?"

म्हातारा आवाज उतरवून म्हणाला, "होतं. नवरा टाकून गेला. दोन अंकांच्या मधात ते लेकराले पाजे, तोंड न धुता. धुतलं का पुन्हा रंगायले अर्धा घंटा जाय. पुढं कोंढा गावच्या एका घरात देऊन टाकलं. त्या रात्रीही सासूच केली तिनं. लोकं पोट धरून हसले."

जवाहरनगरात तुळसाचं घर शोधायला वेळ लागला नाही. क्वार्टरसमोर मांडव पडला होता. आठ दिवसांवर मुलीचं लग्न. तुळसा फाटकाशी आली. पंचेचाळिशीची बाई. मागे वळून वळून पाहत होती.

"गेला का फोटो? अरे देवा."

"तुम्ही पाहिला होता?"

"एकदा. पेटी उघडी होती तेव्हा."

"कसा होता?"

"पोरगीच हो ते," तुळसा हळूच म्हणाली. "वीस-बावीसची. लेकरू कसं धरावं तेही समजत नाही, अशी धरून बसलेली."

तृप्तीनं वही मिटली. मारोतरावांनी व्हॅनची चावी काढली, पण ती फाटकाशीच उभी राहिली.

"तुळसाताई, तुमच्या घरात ऐकू जाणार नाही, एवढ्या हळू बोलते. तो फोटो ज्यानं ज्यानं पाहिला, त्याला त्यात म्हातारी दिसली. विमलाबाई नात म्हणाल्या, इश्वरही आजी-नातच म्हणाला. त्यांचं चुकलं नाही. तो फोटो दोन अंकांच्या मधला आहे. केसांत जस्त, गालावर रेघा, मांडीवर पोटचं लेकरू. त्या रंगाखालची पोरगी तुम्हालाच कशी दिसली?"

तुळसानं फाटकाचा गज धरला.

"बावीसची होती, रंगलेल्या तोंडानं पाजायची, हे कंपनीतल्या माणसाला ठाऊक. नाहीतर ज्या घरात लेकरू दिलं त्या घराला. कंपनीतले हिरालाल, पण त्यांना फोटो दिसतच नाही. इश्वरला चाळीस मागून मिळाले, एक चोरून काय करणार? विमलाबाई समोरच राहतात. न्यायचाच होता तर कधीही नेला असता, आणि मग तोडे ठेवले नसते. राहिल्या तुम्ही. बिनदाताच्या बाईला चार महिने पापड विकणाऱ्या. सबंध गल्लीत फक्त एका दारात टोपली टेकवणाऱ्या."

"पण काहून?" मारोतरावांना राहवेना. "काहून नेला?"

"यांचं माहेर कोंढ्याचं असणार, अन् तिथं साऱ्यांना ठाऊक असणार यांना दत्तक घेतलंय ते. उद्या मंचावरून कोंढ्याचं नाव निघालं की पुढचं लोक जोडतील."

तुळसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती ते पुसत नव्हती. घरातल्यांकडे तिची पाठ होती, तेवढंच बरं.

"माईनं मरताना सांगितलं मले, जन्म देणारी कोण ते. म्हटलं, एकदा पाहून येऊ. मग दर मंगळवारी जाऊन राहिली. त्या चहा देत, पापड घेत, पुन्हा ये म्हणत. माझ्या तोंडातून शब्दच निघे ना. अन् आता हे लग्न. पोरीच्या सासरचे म्हणतील, नाटकवालीची नात." ती आत गेली. परत आली तेव्हा पदराखाली फोटो होता. "फाडणार होती. हात नाही झाला. द्या त्यांले. माझं नाव नका सांगू, ताई."

पवनीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. सीताबाई उंबऱ्यावर बसून होत्या. फोटो त्यांनी पदरानं पुसला आणि मांडीवर पालथा ठेवला.

"ज्यांनी नेला..." तृप्तीनं सुरुवात केली.

"मी विचारलं काय?"

मारोतराव नाव सांगणार, तोच तृप्तीनं त्यांचा हात दाबला.

मग सीताबाईंनी मान वर न करता विचारलं, "बरी आहे ना ते?"

फोटो नेणारी बाई की पुरुष, हे तृप्तीनं सांगितलंच नव्हतं.

"बऱ्या आहेत," ती म्हणाली. "मुलीचं लग्न आहे. आठ दिवसांनी."

"असं." सीताबाईंनी पालथ्या फोटोवर हात ठेवला. "मग उद्या काही बोलत नाही मी. सासूचा एक तुकडा करून दाखवीन अन् उतरीन खाली. लोकांले तेच पाहिजे."

व्हॅन गल्लीबाहेर पडली. दिवसभर मारोतरावांच्या प्रत्येक 'काहून'ला तृप्तीपाशी उत्तर होतं. खुशबू मागच्या काचेतून उंबऱ्यावरच्या म्हातारीकडे पाहत होती, ती दिसेनाशी होईपर्यंत. मग ती पुढे सरकून आईच्या खांद्याला लागली.

"आई, त्या आजीले माहीत आहे. रडणाऱ्या काकूले पण माहीत आहे. मग त्या एकमेकींले सांगत काहून नाहीत?"