एक्केचाळीस नावं

"वहिनी, एक्केचाळीस नावं सांग... नाहीतर सगळं मातीमोल होईल!"

डॉक्टर कुबात बूटसुद्धा न काढता उंबऱ्यात उभा होता. त्याच्या मागे राजधानी बिश्केकहून आलेल्या डॉक्टर मेरिम भिंतीला हात टेकून श्वास गोळा करत होत्या. बुरुलकानच्या हातातला चहाचा वाडगा जिथल्या तिथे थांबला. कानशिलावर केस पिकलेला हा बेचाळीस वर्षांचा दीर तिला एकदम सात वर्षांचा दिसला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो असाच पुस्तक छातीशी धरून दारात उभा होता, म्हणून तिनं त्याला पुस्तकबाळ म्हणायला सुरुवात केली. सासरच्या माणसाचं खरं नाव सुनेनं उच्चारायचं नाही, लिहायचंही नाही, ही या डोंगरातली रीत; आणि ती तिनं पस्तीस वर्षं मोडली नव्हती.

"आधी बूट काढ, पुस्तकबाळ," ती म्हणाली. "आणि या बाईंना घाईघाईनं वर चढवून आणलंस होय रे? यांचंच हृदय बंद पडलं तर त्यावर लेख कोण लिहील?"

मेरिमबाईंना हसू आलं आणि खोकलाही. बुरुलकाननं त्यांच्यापुढे पाव आणि साय सरकवली.

गोष्ट अशी होती. उंचावर राहणाऱ्या माणसांची हृदयं वर्षानुवर्षं कशी थकत जातात आणि काहींची का थकत नाहीत, यावर कुबातनं लिहिलेला लेख परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आला होता. हृदयरोगावरच्या वर्षातल्या सर्वोत्तम प्रकाशित संशोधनाचा पुरस्कार त्याला द्यायचं ठरलं होतं, समारंभ शुक्रवारी. आणि ऐन वेळी एका परीक्षकानं मूळ वह्या मागवल्या. बावीस वर्षांच्या बावीस वह्या! पहिल्या नऊ वह्यांत सगळी नावं नीट होती. दहाव्या वहीपासून एक्केचाळीस माणसं एकाएकी गायब, आणि त्यांच्या जागी कोण? तर 'उंच टोपीवाले', 'पांढऱ्या घोड्याचे', 'विहिरीपलीकडचे'. कुबातनं ती अंदाजानं जुळवून घेतली होती. परीक्षक म्हणाले, ही माणसं खरी की कल्पनेतली? ज्यानं नोंदी केल्या त्यानंच, आमच्या माणसासमोर, तोंडानं सांगावं. म्हणून समितीनं मेरिमबाईंना पाठवलं होतं.

नोंदी बुरुलकानच्याच होत्या. ती या गावची आरोग्यसेविका. दर उन्हाळ्यात हृदयाचा आलेख काढायचं यंत्र घोड्यावर बांधून ती वरच्या कुरणांत जायची आणि तंबूतंबूतून मेंढपाळांना आडवं करून त्यांच्या छातीला तारा लावायची. नवरा होता तोवर तो शेजारी बसून आपल्या घरच्यांची आणि भाऊबंदांची नावं वहीत लिहायचा. तो गेला... आणि वहीतलं ते अक्षरही गेलं.

"पण नावं सांगायला हरकत काय?" मेरिमबाईंनी विचारलं. "मी शहरात वाढले हो, मला ही रीत फक्त ऐकून ठाऊक."

"हरकत कसली, बाई... जीभ वळत नाही." बुरुलकाननं डोक्यावरचा पांढरा रुमाल सारखा केला. "सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या, घराचा मान तुझ्या तोंडात आहे. तेवढं एक त्यांनी मागितलं होतं."

कुबातनं मान खाली घातली. सासूबाई गेल्या तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याच महिन्यात बुरुलकानला शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं. ते पत्र तिनं घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं, आणि आठ वर्षांनी त्याच शहराच्या गाडीत त्याला बसवून दिलं. या गोष्टीचा उच्चारही तिनं कधी केला नाही. गेल्या वर्षी त्याचा छापील लेख आला तेव्हा मात्र तिनं वरच्या सात नावांवरून बोट फिरवलं होतं. एकदा... दोनदा... आठवं नाव नव्हतं. सगळ्यात खाली, आभारांत, 'स्थानिक कर्मचारी' एवढे दोन शब्द होते. तो लेखही तिनं त्याच पेटीत ठेवला, त्या पत्रावर.

आज मनात आणलं असतं तर ती नुसती गप्प राहिली असती! पण तिला कुरणावरचे आंधळे बाबा आठवले. तीन तारांचं कोमुज मांडीवर घेऊन ते देवाची शिकवण गाऊन सांगत, तेव्हा दूध काढणाऱ्या बायकांचे हात थांबत. शेवटच्या दिवशी देव प्रत्येकाला नावानं हाक मारील, असं ते गात. टोपीवरून नाही, घोड्यावरून नाही, नावानं! ज्या माणसांना देव नावानं ओळखतो, ती आपल्या वहीत बिननावाची का पडून राहावीत? हा त्यांचा मान, की आपण त्यांना पुसून टाकलं? सासूबाई, चूक पदरात घ्या, असं मनाशी म्हणून तिनं चष्मा लावला.

"लिहून घ्या, बाई. उंच टोपीवाले म्हणजे... सुयुनबाय. माझे सासरे."

पस्तीस वर्षं अडवून धरलेला शब्द खोलीत पडला, आणि छत काही कोसळलं नाही. ती पुढे सांगत गेली. पांढऱ्या घोड्याचे ते झापार. विहिरीपलीकडचे ते मोल्दोकुल. कोण कुणाचा चुलता, कुणाच्या पायांना सूज होती, कोण यंत्राला घाबरून पळाला... पानंच्या पानं तिला तोंडपाठ होती. मेरिमबाई जुन्या नोंदींशी ताडून बघत होत्या आणि एकही नाव चुकत नव्हतं.

"चाळीस झाली," मेरिमबाई म्हणाल्या. "एक राहिलं. दहाव्या वहीतलं पहिलंच पान. इथे नुसतं 'घरचे' लिहिलंय."

बुरुलकाननं त्या पानावर हात ठेवला. त्या सकाळी त्याच्या हातात पेन धरायचं बळ नव्हतं. तू लिही, असं तो म्हणाला होता, आणि तिनं हसून मान हलवली होती. चार दिवसांनी तो गेला.

"इशेनाली," ती म्हणाली. "इशेनाली... माझे मालक." आणि रुमालात तोंड खुपसून ती रडली, तेरा वर्षांत रडली नव्हती तशी.

बऱ्याच वेळानं मेरिमबाईंनी कागदाचा शेवटचा रकाना पुढे केला. "नोंद करणाऱ्याचं नाव लिहा. म्हणजे लेखावरच्या सात जणांतलं तुमचं कुठलं?"

"यातलं नाही," कुबात म्हणाला. "मी घातलंच नाही. संस्थेतले म्हणाले, हिला पदवी नाही... आणि मी हो म्हणालो. वहिनी, ज्या हातानं तू मला अक्षरं गिरवायला शिकवलीस, त्या हाताचंच नाव मी गाळलं!"

"राहू दे, पुस्तकबाळ. शुक्रवार होऊन जाऊ दे."

"नाही राहू द्यायचं! मेरिमबाई, हेही लिहून घ्या. नोंदी करणारी सहलेखिका वगळली गेली, चूक माझी. मी आजच नियतकालिकाला कळवतो."

"पुरस्कार रोखला जाईल," मेरिमबाईंनी बजावलं. "कदाचित कायमचा."

"जाऊ दे."

आणि खरंच, त्या शुक्रवारी कुबातला पुरस्कार मिळाला नाही. संस्थेत लोक आडून बोलले, दोन सहलेखकांनी अबोला धरला. दुरुस्ती छापून यायला पाच महिने लागले. मग बर्फ वितळल्यावर समितीचं पत्र आलं: नोंदी खऱ्या ठरल्या आहेत, पुरस्कार घ्यायला दोघांनीही यावं.

बिश्केकच्या सभागृहात कुबातनं भाषणाचा कागद खिशातच ठेवला. "हे संशोधन बुरुलकान असानोवा यांचं आहे," तो म्हणाला, "मी फक्त ते लिहून काढलं." पुरस्कारासोबत त्याला मानाचा झगा आणि टोपी घातली होती; झगा त्यानं स्वतःच्या अंगावरून उतरवला आणि तिच्या खांद्यावर घातला. लोक उभे राहिले.

तिला बोलायला सांगितलं. तिनं एवढ्या माणसांकडे पाहिलं, मग शेजारी डोळे पुसत उभ्या असलेल्या दिराकडे पाहिलं.

"कुबात," ती म्हणाली. पहिल्यांदाच! "जरा खाली वाक बाळा, टोपी वाकडी झालीय तुझी."